अंधारात रंगणारा पॉइन्सेटिया

डिसेंबरचा पहिला पंधरवडा उलटला की मुंबई, ठाणे, वसई परिसरातील रोपवाटिकांसमोर लालभडक रंगाच्या बुटक्या कुंड्या रांगेने मांडलेल्या दिसू लागतात. नाताळचा गोठा, दारावरची चांदणी आणि केक यांच्या जोडीला हे झाडही घरोघरी पोहोचते. ते विकत घेण्यासाठी ख्रिस्ती असावे लागते असे नाही. वर्षअखेरीस दिवाणखान्यात रंगाचा एक ठिपका हवा, एवढे कारण पुरेसे असते. या झाडाचे नाव पॉइन्सेटिया.

महिना-दीड महिना त्याचा थाट टिकतो. फेब्रुवारीत लाली उतरू लागते, पाने गळतात आणि कुंडी गॅलरीच्या कोपऱ्यात जाते. पावसाळ्यात झाड पुन्हा हिरवेगार होते, पण पुढचा नाताळ येऊन जातो तरी लाल होत नाही. मग ‘हे थंड प्रदेशातले झाड, आपल्या हवेत रमत नाही’ असा निष्कर्ष काढून ते टाकून दिले जाते. हा निष्कर्ष सपशेल चुकीचा आहे. पॉइन्सेटिया थंड प्रदेशातला नाही आणि आपल्या हवेचे त्याला वावडेही नाही. शहरातील घरात त्याला कमी पडते ती थंडी नव्हे. कमी पडतो तो अंधार.

वाणगावचा अक्षांश, मेक्सिकोचे झाड

पश्चिम रेल्वेच्या बोईसर आणि डहाणू रोड या स्थानकांच्या मध्ये वाणगाव आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू तालुक्याचा हा भाग मिरचीच्या शेतीसाठी ओळखला जातो. थोडे उत्तरेला गेले की घोलवडच्या चिकूच्या वाड्या लागतात. डहाणू-घोलवडच्या या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. मिरची आणि चिकू ही दोन्ही पिके आज या मातीतलीच वाटतात, पण दोन्हींचे मूळ मेक्सिको आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात आहे. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू आणि संध्याकाळी दरवळणारा निशिगंध हेही तिकडचेच. पॉइन्सेटिया याच कुळकथेतला एक उशिरा आलेला पाहुणा आहे.

मेक्सिकोच्या पॅसिफिक महासागराकडील डोंगरउतारांवर, दऱ्याखोऱ्यांतल्या पानझडी जंगलांत तो रानटी वाढतो. तिथून ग्वाटेमालापर्यंत त्याचा विस्तार आहे. तेथे उन्हाळ्यात पाऊस पडतो आणि हिवाळा कोरडा जातो. म्हणजे ऋतूंचा क्रम बराचसा कोकणासारखाच. रानात तो कुंडीतल्यासारखा वीतभर राहत नाही. तीन-चार मीटर उंचीचे मोकळे, काहीसे विस्कटलेले झुडूप होते. पाऊस संपून जंगलाची पाने झडू लागली की त्याचे शेंडे लाल होतात.

याहून महत्त्वाचे साम्य अक्षांशाचे आहे. वाणगाव विषुववृत्ताच्या उत्तरेस २० अंशांच्या किंचित खाली येते. मेक्सिको सिटी साडेएकोणीस अंशांच्या आसपास आहे आणि पॉइन्सेटियाच्या इतिहासात वारंवार येणारे तास्को हे गाव साडेअठरा अंशांजवळ. एकाच अक्षांशावरील गावांना दिवस आणि रात्र सारख्याच लांबीचे मिळतात. २१-२२ डिसेंबरला वाणगावात दिवस सुमारे अकरा तासांचा असतो, मेक्सिको सिटीतही तेवढाच. त्या दिवशी लंडनला आठ तासही उजेड मिळत नाही. बर्फाच्या चित्रांशेजारी छापले जाणारे हे ‘ख्रिसमसचे झाड’ घड्याळाच्या हिशेबाने युरोपपेक्षा कोकणाला अधिक जवळचे आहे.

फूल नव्हे, पान

पॉइन्सेटियाचे लाल ‘फूल’ हे फूल नाहीच. फांदीच्या टोकाला गोलाकार मांडलेली ती लाल पाने आहेत. वनस्पतिशास्त्रात अशा पानांना सहपत्रे म्हणतात. बोगनवेलीच्या बाबतीत हीच गंमत असते. तिच्या रंगीत कागदी पाकळ्या ही सहपत्रे असून खरे फूल त्यांच्या आत एखाद्या बारीक पांढऱ्या नळीसारखे असते. पॉइन्सेटियाची खरी फुले लाल पानांच्या मधोमध दिसणाऱ्या पिवळट-हिरव्या वाटोळ्या पुंजक्यात असतात. प्रत्येक इवल्याशा पेल्यात एकच मादी फूल आणि त्याभोवती अनेक नर फुले असतात. यांतील एकेक नर फूल म्हणजे केवळ एक पुंकेसर. पाकळ्या कोणालाच नसतात. पेल्याच्या कडेला ओठाच्या आकाराची पिवळी ग्रंथी असते व तिच्यात मध साठतो. फुले इतकी क्षुल्लक असल्याने परागीभवन करणाऱ्या जिवांना बोलावण्याचे काम पानांनी आपल्याकडे घेतले आहे.

फुलांची ही पेल्यासारखी रचना आणि देठ तोडताच येणारा पांढरा चीक, या दोन खुणांवरून त्याचे कुळ ओळखता येते. ‘युफोर्बिया पल्चेरिमा’ हे त्याचे शास्त्रीय नाव. ‘पल्चेरिमा’ म्हणजे अतिशय सुंदर. कोकणात कुंपणाला लावतात तो शेर, काटेरी निवडुंगातील काही प्रकार आणि वाटेच्या कडेला उगवणारी दुधी ही सगळी याच युफोर्बिया प्रजातीतील भावंडे. एरंडही याच कुळातला. मेक्सिकोहून आलेल्या या पाहुण्याचे नातेवाईक वाणगावच्या बांधावर आधीपासून उभेच होते.

रात्र मोजणारे झाड

पाने लाल केव्हा व्हायची हे झाड कसे ठरवते, याचे उत्तर विसाव्या शतकात मिळाले. अमेरिकी कृषी खात्यातील गार्नर आणि अ‍ॅलार्ड या शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू व सोयाबीनवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, अनेक वनस्पती दिवसाच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. दिवस लहान झाल्यावर फुलणाऱ्या झाडांना त्यांनी ‘अल्पदिनी’ म्हटले. शेवंती आणि पॉइन्सेटिया या गटातले. पुढे १९३८ साली हॅमनर आणि बॉनर यांनी कपड्यांना काटेरी फळे चिकटवणाऱ्या एका तणावर प्रयोग केले, तेव्हा या नियमाची दुसरी बाजू उघड झाली. झाड मोजते ते दिवस नव्हे, तर रात्र. लांब रात्रीच्या मध्येच काही मिनिटे दिवा लावला, तर झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र राहत नाही. तिचे दोन तुकडे होतात आणि मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

पानांतील फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य हे काम करते. उजेडात त्याचे रूप बदलते, अंधारात ते हळूहळू पूर्वपदावर येते. हा अंधार सलग आणि पुरेसा मिळाला, तरच झाडाला हिवाळ्याची वर्दी पोहोचते. सप्टेंबर सरताना रात्र बारा तासांच्या आसपास येते आणि तेथून पुढे वाढत जाते. तेव्हा पॉइन्सेटियाच्या शेंड्यांत फुलांची जुळवाजुळव सुरू होते. नव्या सहपत्रांत हरितद्रव्य कमी होऊन अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य तयार होऊ लागते. सलग लांब रात्री मिळत राहिल्या तर आठ ते दहा आठवड्यांत झाड पूर्ण रंगते. ऑक्टोबरच्या आरंभापासून हिशेब केला तर नेमका नाताळ गाठला जातो. या झाडाचे सणाशी नाते जुळले ते या गणितामुळे.

तापमानाचाही यात वाटा आहे. रात्रीचे तापमान २२-२३ अंश सेल्सिअसच्या वर राहिले, तर फुलण्याची क्रिया लांबते. कोकण किनाऱ्यावर ऑक्टोबरच्या रात्री उकाड्याच्या असतात. त्यामुळे अंगणातला पॉइन्सेटिया कधीकधी नाताळ चुकवून जानेवारीत रंगतो. हे झाडाचे अपयश नव्हे. पुणे-नाशिककडे रात्री लवकर गार होत असल्याने तेथे रंग लवकर व अधिक गडद येतो.

आकाशकंदील आणि रस्त्यावरचा दिवा

शहरातील झाड लाल का होत नाही, याचा उलगडा आता होतो. बोईसरच्या एखाद्या वसाहतीतील गॅलरीची कल्पना करावी. सूर्य सहा वाजता मावळतो, पण घरातील ट्यूबलाइट अकरापर्यंत चालू असते आणि खालच्या रस्त्यावरील दिवा पहाटेपर्यंत जळतो. त्यातच ज्या आठवड्यांत झाडाला सलग अंधार हवा असतो, नेमक्या त्याच आठवड्यांत नवरात्र आणि दिवाळी येते. गॅलरीत आकाशकंदील लागतो, दिव्यांच्या माळा सोडल्या जातात आणि कुंडी बरोबर त्यांच्या खाली असते. माणसांचा उत्सव चालू असतो, पण झाडासाठी मात्र हिवाळा येतच नाही. ते निरोगी असते, हिरवे असते, वाढतही असते. त्याला फक्त रात्र झाल्याचे कळत नाही.

तेथून एक स्थानक पुढे, वाणगावच्या एखाद्या वाडीत दिव्यांपासून दूर जमिनीत लावलेल्या पॉइन्सेटियाला कोणी खोक्याखाली झाकत नाही, की खास खत घालत नाही. त्याला मिळते ती केवळ अंधारी रात्र आणि तेवढ्यावर ते दरवर्षी रंगते. एका स्थानकाच्या अंतरात, एकाच हवेत, एकाच झाडाची दोन नशिबे होतात आणि दोहोंमध्ये फरक असतो तो एका दिव्याचा. रात्रीचा कृत्रिम उजेड पक्षी, कीटक आणि वनस्पती यांच्या दिनक्रमात ढवळाढवळ करतो, हे आता सर्वमान्य झाले आहे. ती ढवळाढवळ घरबसल्या डोळ्यांनी दाखवून देणारे पॉइन्सेटियाइतके सोपे उदाहरण क्वचितच सापडेल.

नाव कोणाचे?

मेक्सिकोतील आझ्टेक लोक या झाडाला त्यांच्या नाहुआत्ल भाषेत ‘क्वेतलाशोचित्ल’ म्हणत. लाल पानांपासून ते रंग काढत आणि चिकाचा उपयोग तापावर करत. स्पॅनिश राजवटीत सतराव्या शतकात तास्को परिसरातील फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी नाताळच्या मिरवणुकीत व सजावटीत त्याचा वापर सुरू केल्याचे सांगितले जाते. बाळ येशूला अर्पण करायला काहीच नसलेल्या गरीब मुलीने रानातील झुडपाच्या फांद्या आणल्या आणि वेदीसमोर ठेवताच त्या लाल झाल्या, ही लोककथा त्या परंपरेतली. स्पॅनिशमध्ये या झाडाचे नाव ‘फ्लोर दे नोचेबुएना’, म्हणजे नाताळच्या पूर्वरात्रीचे फूल.

‘पॉइन्सेटिया’ हे नाव मात्र अमेरिकी राजकारणी जोएल रॉबर्ट्स पॉइन्सेट यांच्यावरून पडले. १८२५ ते १८२९ या काळात ते मेक्सिकोतील पहिले अमेरिकी राजदूत होते. वनस्पतींची आवड असलेल्या पॉइन्सेट यांनी हे झाड मायदेशी धाडले आणि जून १८२९ मध्ये फिलाडेल्फियातील प्रदर्शनात ते लोकांपुढे आले. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी दिलेले ‘युफोर्बिया पल्चेरिमा’ हे नाव १८३४ साली प्रसिद्ध झाले, तर १८३६ साली एडिंबरोच्या रॉबर्ट ग्रॅहम यांनी त्याला ‘पॉइन्सेटिया’ म्हटले. शास्त्रात पहिले नाव टिकले, बाजारात दुसरे.

मेक्सिकोत पॉइन्सेट यांची आठवण गोड नाही. तेथील अंतर्गत राजकारणात हस्तक्षेप केल्याच्या आरोपावरून त्यांना परत बोलावण्यात आले होते. पुढे १८३७ ते १८४१ या काळात ते अमेरिकेचे युद्धमंत्री होते आणि चेरोकी या मूलनिवासी जमातीला तिच्या भूमीतून सक्तीने हुसकावले गेले ते याच काळात. ते गुलामांचे मालकही होते. म्हणूनच अलीकडे काही जण जुने मेक्सिकन नाव वापरणे पसंत करतात. १२ डिसेंबर १८५१ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकेत हाच दिवस पॉइन्सेटिया दिन म्हणून पाळला जातो आणि २००२ साली तेथील प्रतिनिधिगृहाने त्याला मान्यताही दिली.

बुटकेपणाचे रहस्य

रानातले उंच, विस्कटलेले झुडूप कुंडीतले गुटगुटीत झाड कसे झाले, ही कथा कॅलिफोर्नियातील एके घराण्याशी निगडित आहे. जर्मनीहून आलेल्या अल्बर्ट एके यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी लॉस एंजेलिस परिसरात पॉइन्सेटियाची लागवड केली. त्यांचे पुत्र पॉल एके यांनी १९२३ साली हा व्यवसाय एन्सिनिटास येथे नेला. तिसऱ्या पिढीने दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांना नाताळात सजावटीसाठी झाडे फुकट पुरवली आणि अमेरिकेतील घराघरांत नाताळ व पॉइन्सेटिया यांचे समीकरण पक्के झाले. एके यांची झाडे इतरांपेक्षा दाट फांद्यांची असत. त्यामागे कलम करण्याची एक युक्ती होती आणि ती दीर्घकाळ गुपित राहिली.

ते गुपित फुटल्यावर त्यामागचे कारण अधिकच चकित करणारे निघाले. इंग-मिंग ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, दाट फांद्या फुटतात त्या फायटोप्लाझ्मा या सूक्ष्मजीवाच्या संसर्गामुळे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना वांग्यावरील पर्णगुच्छ रोग परिचित आहे. तोही फायटोप्लाझ्मामुळेच होतो आणि पीक बुडवतो. पॉइन्सेटियात मात्र हाच संसर्ग कलमाद्वारे मुद्दाम दिला जातो, कारण त्यामुळे झाड डौलदार दिसते. बाजारातील बहुतेक गुटगुटीत कुंड्या या अर्थाने ‘आजारी’ झाडांच्याच असतात. याखेरीज झाड बुटके राहावे म्हणून उत्पादक वाढरोधक द्रव्येही वापरतात. त्यांचा परिणाम ओसरला की घरी आणलेले झाड भराभर उंच होऊ लागते, ते यामुळेच.

विषारी असल्याची अफवा

पॉइन्सेटिया प्राणघातक असल्याची समजूत जगभर आहे. १९१९ साली हवाई बेटांवर एका लष्करी अधिकाऱ्याचे दोन वर्षांचे मूल त्याचे पान खाऊन दगावले, या गोष्टीपासून ती पसरली. या घटनेला कधीही पुरावा मिळाला नाही. १९७१ साली ओहायो राज्य विद्यापीठात उंदरांवर केलेल्या प्रयोगांत मोठ्या मात्रेनेही विषबाधा दिसली नाही. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतील विषबाधा केंद्रांकडे आलेल्या २२,७९३ नोंदी तपासण्यात आल्या. त्यांत एकही मृत्यू नव्हता आणि बहुसंख्य व्यक्तींना कोणताच त्रास झाला नव्हता.

म्हणजे पाने खाण्याजोगी आहेत असे मात्र नव्हे. चिकाने संवेदनशील त्वचेला खाज सुटू शकते, पान चघळल्यास मळमळ होऊ शकते आणि कुत्र्या-मांजरांना उलटी होऊ शकते. छाटणी करताना हातमोजे घालावेत आणि चीक डोळ्यांपासून दूर ठेवावा. कुंपणावरच्या शेराचा चीक याहून कितीतरी जहाल असतो.

एका वर्षाचे वेळापत्रक

नाताळात आणलेली कुंडी पुढच्या नाताळापर्यंत सांभाळणे कठीण नाही.

खरेदी करताना लाल पानांपेक्षा मधल्या पिवळ्या पुंजक्याकडे पाहावे. तेथील कळ्या मिटलेल्या असतील तर झाड ताजे आहे. त्यांतून पराग सांडू लागले असतील किंवा त्या गळाल्या असतील, तर लाली फार दिवस टिकणार नाही. घरी आणल्यावर कुंडीभोवतीचा चकचकीत कागद काढावा किंवा त्याला खालून भोके पाडावीत, कारण पाणी साचले की मुळे कुजतात. भरपूर उजेडाच्या खिडकीजवळ कुंडी ठेवावी आणि वरची माती कोरडी झाल्यावरच पाणी द्यावे.

फेब्रुवारी-मार्चमध्ये लाली उतरली की फांद्या जमिनीपासून पाच-सहा इंचांवर छाटाव्यात. पावसाळ्याच्या तोंडावर निचऱ्याच्या मातीत, थोड्या मोठ्या कुंडीत झाड हलवावे. जून-जुलैत छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपेही करता येतात. ऑगस्टअखेरपर्यंत शेंडे खुडत राहिल्यास झाड दाट होते. त्यानंतर मात्र खुडणे थांबवावे, कारण पुढचा रंग याच शेंड्यांवर येणार असतो.

खरे काम सुरू होते ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात. रोज संध्याकाळी सहापासून सकाळी आठपर्यंत, म्हणजे चौदा तास, झाडाला संपूर्ण अंधार द्यावा. पुठ्ठ्याचे मोठे खोके किंवा जाड काळे कापड यासाठी पुरते. दिवसा कुंडी पुन्हा उन्हात ठेवावी, कारण रंग तयार करण्यासाठी लागणारे अन्न झाड उजेडातच बनवते. हा क्रम सुमारे आठ आठवडे न चुकता पाळावा. ‘किती रंगले ते पाहू’ म्हणून रात्री खोके उचलून दिवा लावण्याचा मोह टाळावा. नोव्हेंबरच्या अखेरीस वरची पाने लाल होऊ लागली आणि रंग चांगला भरला की झाकणे बंद केले तरी चालते. खोक्याची दगदग नको असेल, तर रात्री दिवा न लागणारी खोली किंवा रस्त्याच्या उजेडापासून आडोसा असलेली मागची गच्ची शोधावी. गावाकडे वाडी असेल, तर झाड तिथल्या जमिनीत लावावे. तेथे हे काम रात्र स्वतःच करते.

नाताळच्या दिवसांत दिव्यांची आरास आणि लाल पॉइन्सेटिया शेजारी शेजारी शोभून दिसतात. मात्र त्या आराशीत उठून दिसणारी लाली त्याआधीच्या पन्नास-साठ रात्रींच्या अखंड काळोखात तयार झालेली असते. कुंडीतले झाड यंदा हिरवेच राहिले असेल, तर ते फेकण्यापूर्वी एकदा रात्री गॅलरीत जाऊन पाहावे, त्याच्यावर उजेड कुठून पडतो आहे.